साडेतीन सीसीच्या नायट्रो आउटबोर्डवर विजेची मोटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या 32 इंची रिमोट होडीला साडेतीन सीसीचे जुने नायट्रो (मिथेनॉलमिश्रित इंधनावर चालणारे) आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लागणारे, इंजिन होते. ठाण्याच्या उपवन तलावावर पहाटे फिरायला येणाऱ्यांना त्याचा कर्कश आवाज सहन होत नसे, आणि खरे सांगायचे तर मिथेनॉल व एरंडेल तेलाचा चिकट राप प्रत्येक वेळी पुसत बसण्याचा मलाही कंटाळा आला होता. म्हणून सप्टेंबरअखेरीस इंजिन उतरवले आणि खालचा पाय, वाकवलेली पितळी नळी व तिच्यातून जाणारी, पंख्याला फिरवणारी लवचिक तारांची केबल तशीच ठेवून वर 36 मिमी व्यासाची, 60 मिमी लांबीची, 2000 केव्हीची (म्हणजे भाराविना दर व्होल्टला मिनिटाला 2000 फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर बसवली.

काम एका सुट्टीत उरकेल असे वाटले होते. मोटरची एम-3 ची (3 मिमी स्क्रूची) छिद्रे 25 मिमी अंतरावर होती, तेवढ्या मापाची ॲल्युमिनियमची पट्टी हातकरवतीने कापून, ड्रिलने भोके पाडून मी मोकळा झालो. पहिल्याच फेरीत होडी अशी थरथरू लागली की आउटबोर्ड वळवणाऱ्या सर्व्होचे (छोट्या मोटरचे) स्क्रू सैल झाले आणि दहा-बारा फेऱ्यांत मोटरचे खालचे बेअरिंग वाजू लागले. पट्टी वाकडी असेल असे समजून ती मोटर व आउटबोर्डसकट वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या काकांकडे नेली. त्यांनी केबल पकडणाऱ्या कॉलेटला डायल गेज (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापक) बांधून त्याचे टोक आउटबोर्डच्या भोकाच्या आतल्या कडेने हाताने एक वेढा फिरवले आणि म्हणाले, ‘‘साहेब, पट्टी सरळ आहे, मोटर बाजूला बसली आहे.’’ काटा 0.3 मिमी हलत होता. त्यांनी 6 मिमी जाडीची नवी प्लेट लेथवर कातून दिली आणि तिच्या खालच्या अंगाला एक गोल उंचवटा ठेवला, जो आउटबोर्डच्या मूळ भोकात घट्ट बसतो. त्यामुळे मोटर मध्यावर आणण्याचे काम स्क्रूंवर राहिले नाही, ते त्या उंचवट्याने केले. त्यानंतर कंप जवळजवळ नाहीसा झाला आणि नवे बेअरिंग आजतागायत टिकले आहे. माझ्या मते या जोडकामातील निम्मे यश त्या एका प्लेटचे आहे.

दुसरी चूक हावरेपणाची होती. फोर-एस (चार सेलची) बॅटरी आणि 45 मिमीचा पंखा लावल्यावर होडी अक्षरशः उडाली, पण वॉटमीटरने पूर्ण थ्रॉटलला 84 अँपिअर दाखवले आणि 90 अँपिअरच्या ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) तापल्यामुळे हात लावणे कठीण झाले. आता थ्री-एस, म्हणजे 11.1 व्होल्टची 5000 एमएएच बॅटरी आणि 42 मिमीचा दोन पात्यांचा पंखा आहे. भाराविना फेरे मिनिटाला 22,200 च्या आसपास जातात आणि पाण्यात पूर्ण थ्रॉटलला 38 अँपिअर लागतात. सरासरी वापरात बॅटरीतील चार पंचमांश चार्ज सुमारे आठ मिनिटे पुरतो. वेग थोडा गेला, पण होडी वळणावर कलंडत नाही. मोटर एवढ्या उंचीवर बसली की तिचे वजन वळणात जाणवतेच, म्हणून मी बॅटरी तळाला अगदी टेकवून ठेवतो.

केबलबद्दल मात्र सावध करतो, कारण हे मला कोणी सांगितले नव्हते. तिचे तारांचे पीळ ठरावीक दिशेचे असतात. त्या दिशेने ताण आला की ते आवळतात, उलट दिशेने फिरवले तर उकलतात. मोटर उलटी फिरू लागली तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करणे पुरते. पण मागे जाण्याची सोय ईएससीमध्ये पूर्ण बंदच करावी. एकदा मी ती चालू ठेवली आणि जेट्टीपाशी होडी मागे घेताना केबलचे पीळ नळीतच फुगून अडकले.

तापणारे भाग थंड ठेवण्यासाठी नळीतून फिरणारे पाणी दसऱ्यानंतरच्या रविवारी अडले. होडीच्या मागून बारीक धार पडणे थांबले, म्हणून बाहेर काढून पाहिले तर पाणी घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी झेंडूची एक पाकळी चपखल बसलेली आणि पंख्याच्या बुडाशी हाराचा पांढरा दोरा गच्च गुंडाळलेला. तेव्हापासून तोंडाला बारीक स्टीलची जाळी लावली आहे आणि धार दिसेनाशी झाली की थ्रॉटल सोडण्याची सवय जडली आहे.

आउटबोर्ड वळताना मोटरच्या वायरीही वळतात, त्यामुळे त्या सिलिकॉनच्याच घ्याव्यात. लांबी कमी पडत असेल तर ईएससीपासून मोटरकडील तीन वायरी वाढवाव्यात. बॅटरीकडील वाढवल्यास व्होल्टेजच्या उसळ्या ईएससीतील कपॅसिटर खराब करतात. खाडीच्या खारट पाण्यात एकदाच चालवली आणि घरी येईपर्यंत थांबलो; तेवढ्यात बेअरिंगच्या कडेला लालसर गंज धरला होता. आता फेरी संपताच गोड्या पाण्याने धुऊन दोन थेंब तेल सोडतो, केबल बाहेर ओढून पुसतो आणि ग्रीस भरून परत घालतो. हे काम वीस मिनिटांचे आहे, आणि इंजिन पुसण्यातही साधारण तेवढाच वेळ जात असे, हे कबूल करायला हवे.