टुरिझम मॅनेजमेंटला अ‍ॅडमिशन घेताय? माझी दोन वर्षं कुठे गेली ते आधी वाचा

इंटरव्ह्यूमधला पहिलाच प्रश्न साधा होता. अ‍ॅमेडियसमध्ये, म्हणजे विमानाचं बुकिंग करायच्या सिस्टिममध्ये, पीएनआर (प्रवाशाच्या बुकिंगची नोंद) सेव्ह व्हायला कमीत कमी काय काय भरावं लागतं? मी टुरिझम मॅनेजमेंटच्या मास्टर्सची दोन वर्षं पूर्ण केलेली, रिझर्व्हेशन सिस्टिमच्या पेपरला ८१ मार्क, आणि मी म्हटलं नाव, तारीख... आणि पुढे काही सुचेचना. समोरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही खऱ्या स्क्रीनवर कधी बसलात का?" नव्हते बसले. दोन वर्षांत एकदाही नाही. उत्तर पाच गोष्टींचं आहे: नाव, प्रवासाचे सेगमेंट म्हणजे टप्पे, काँटॅक्ट, तिकिटिंगची तारीख किंवा व्यवस्था, आणि बुकिंग कोणाच्या सांगण्यावरून केलं ते. हे मला त्या दिवशी घरी आल्यावर कळलं, आणि तेव्हा पहिल्यांदा खात्री पटली की आपल्याला फसवलंय.

सुरुवात एका फोनने झाली. काउन्सेलर मॅडम खूप गोड बोलायच्या, आई-बाबांशीसुद्धा. त्यांनी सांगितलं, जगातल्या दर दहा नोकऱ्यांपैकी एक पर्यटनामुळे आहे. हा आकडा खोटा नाही, कोविडच्या आधीचा २०१९ चा साधारण हाच हिशोब होता, पण त्यात काय काय धरलेलं असतं हे त्यांनी सांगितलं नाही. त्यात हॉटेलात चादरी बदलणारे आहेत, ड्रायव्हर आहेत, हॉटेलला माल पुरवणारे आहेत, आणि ह्या सगळ्यांच्या खर्चावर चालणारी बाकीची कामंसुद्धा आहेत. मॅनेजर ट्रेनी म्हणून घेतात त्या जागा ह्यातल्या किती, हे मी विचारायला हवं होतं. आणि २०२० मध्ये परदेशी प्रवाशांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळपास पाव राहिली होती, हेही कोणी सांगितलं नाही. बाबांनी तेवढ्यात विचारलं होतं, मंदी आली तर? मॅडम म्हणाल्या, सर, फिरणं कधी थांबतं का. बाबा गप्प झाले.

मग फोल्डर आला. चकचकीत. त्यावर आयाटाचा लोगो, पर्यटनाच्या जागतिक संस्थेचा लोगो, एका मोठ्या युनिव्हर्सिटीचं नाव आणि खाली बारीक अक्षरात "इन असोसिएशन". मला हे सगळं एकच वाटलं, म्हणजे सगळ्यांनी मिळून कोर्स मान्य केलाय असं. तसं नसतं. आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना, १९४५ पासूनची, ती ट्रॅव्हल एजन्सींना मान्यता देते, आणि ट्रेनिंग देणाऱ्या सेंटरना वेगळी मान्यता देते. एजन्सीला मान्यता आहे म्हणून त्याच मालकाचा कोर्स मान्य होत नाही. आमच्याकडे नेमकं तेच होतं, मालकाची एक छोटी एजन्सी होती आणि लोगो त्या एजन्सीच्या मान्यतेचा होता. तसंच यूएन टुरिझमचं, म्हणजे फोल्डरवरच्या त्या जागतिक संस्थेचं, टेडक्वाल म्हणून सर्टिफिकेशन असतं, ते त्या त्या कोर्सला मिळतं, बोर्डावर लोगो लावल्याने मिळत नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या साइटवर शोधता येतात, पाच मिनिटांचं काम आहे, मी ते दोन वर्षांनी केलं.

वर्गाबद्दल फार लिहीत नाही. दोन वर्षांत सहा सर बदलले. प्रत्येक नवीन सर १८४१ पासून सुरू करायचे, थॉमस कुकने लोकांना लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेलं तिथून, आणि १९८० च्या बटलरच्या पर्यटनस्थळाच्या जीवनचक्रापर्यंत (एखादं ठिकाण कसं वाढतं आणि मग उतरणीला लागतं त्याचा आलेख) येऊन थांबायचे, तोपर्यंत सेमिस्टर संपलेलं असायचं. हे शिकवूच नये असं नाही, बटलरचा आलेख मला आजही उपयोगी पडतो, एखाद्या ठिकाणी गर्दी वाढून लोक कंटाळायला लागले की तो डोळ्यासमोर येतो. पण त्याच नोट्समध्ये थॉमस कुक ही आजची आघाडीची कंपनी म्हणून लिहिलेलं होतं आणि ती मूळ ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये बंद पडलेली. रेव्हेन्यू मॅनेजमेंट म्हणजे मागणीप्रमाणे दर ठरवणं, भाडं कसं बांधतात, ग्रुप कॉस्टिंग म्हणजे ग्रुप टूरच्या खर्चाचा हिशोब, ह्यातलं काही झालं नाही. विमानतळांचे तीन अक्षरी कोड मात्र दोनशे पाठ करून घेतले.

लॅब होती. अ‍ॅडमिशनच्या दिवशी काचेतून दाखवली, बारा कॉम्प्युटर, भिंतीवर अ‍ॅमेडियस, सेबर, गॅलिलिओ अशी नावं. आतमध्ये जे होतं ते म्हणजे स्क्रीनचे फोटो असलेलं एक प्रेझेंटेशन. सर पुढचं बटण दाबायचे, आम्ही वहीत कमांड उतरवून घ्यायचो, एएन म्हणजे अ‍ॅव्हेलेबिलिटी, एसएस म्हणजे सीट विकणं, एनएम म्हणजे नाव. माझी वही अजून आहे, एका पानावर मी लाल पेनने लिहिलंय "प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यात". ते पान पहिल्या सेमिस्टरचं आहे. विचारलं की ट्रेनिंगचं लायसन्स रिन्यू होतंय असं सांगायचे.

इंटरनॅशनल इंटर्नशिपचे पैसे वेगळे, वर्षाच्या फीच्या जवळजवळ पाव, आणि ते एजंटच्या खात्यात भरायचे, कॉलेजच्या नाही. मला तिथेच थांबायला हवं होतं. पण सगळी बॅच भरत होती आणि मागे राहायची भीती वाटायची. पत्रात फ्रंट ऑफिस लिहिलेलं. तिथे पोचल्यावर पहिल्या सकाळी हातात मास्टर की आणि ट्रॉली दिली, शिफ्टला चौदा खोल्या, सहा महिने. खोली करणं हे कमी दर्जाचं काम आहे असं मला म्हणायचं नाही, उलट तिथल्या सुपरवायझर ताईंनी मला जेवढं शिकवलं तेवढं दोन वर्षांत कोणी शिकवलं नाही. सिस्टिमवर खोली भरलेली दिसतेय पण आत सामान नाही, पलंग वापरलेला नाही, तर गेस्ट बिल न देता गेला असू शकतो, त्याला स्किपर म्हणतात, लगेच फ्रंट ऑफिसला फोन करायचा, हे त्यांनी मला एका रिकाम्या कपाटासमोर उभं करून सांगितलं. माझी तक्रार कामाबद्दल नाही. मी एका कामाचे पैसे भरले आणि दुसरं दिलं, आणि हॉटेलने सांगितलं की त्यांचा आमच्या कॉलेजशी कुठलाच करार नाही, एजंटने मनुष्यबळ पुरवलंय एवढंच त्यांना माहीत. खऱ्या इंटर्नशिपला विद्यार्थी, कॉलेज आणि हॉटेल अशा तिघांच्या सह्या असतात आणि काय शिकवणार ते लिहिलेलं असतं, इरॅस्मस ह्या युरोपच्या विद्यार्थी पाठवण्याच्या योजनेत तर तो कागद झाल्याशिवाय विद्यार्थी पाठवत नाहीत. माझ्या कागदावर सही फक्त माझी होती.

डिग्रीचं शेवटी कळलं. निकाल आला तेव्हा त्यावर युनिव्हर्सिटीचा रजिस्ट्रेशन नंबर नव्हता. मी युनिव्हर्सिटीला मेल केला, तिसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं की ह्या संस्थेशी आमचा करार दुसऱ्या एका कोर्ससाठी होता, टुरिझमच्या कोर्सला आमची मान्यता नाही. ते उत्तर मी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं.

भांडलो आम्ही. फोनवर सगळे हो हो म्हणतात, लेखी काही देत नाहीत, म्हणून फोन बंद केले आणि फक्त मेल करायला लागलो. फोल्डरचे फोटो, काउन्सेलरचे मेसेज, पैसे भरल्याच्या पावत्या, युनिव्हर्सिटीचं उत्तर, सगळं एकत्र लावून तक्रार दिली तेव्हा इंटर्नशिपचे अर्धे पैसे परत आले. फी नाही आली. ज्यांनी मेसेज डिलीट केले होते त्यांना काहीच नाही मिळालं, म्हणून सांगते, अ‍ॅडमिशनच्या आधीचा प्रत्येक मेसेज ठेवा.

नंतर मी एका एजन्सीत तिकिटिंगला बिनपगारी तीन महिने बसले, मान्यताप्राप्त सेंटरमधून आयाटाची परीक्षा दिली आणि आता त्याच डेस्कवर काम करते. पहिला पीएनआर स्वतः सेव्ह केला आणि सहा अक्षरांचा नंबर स्क्रीनवर आला तेव्हा मला रडू आलं होतं.

मागच्या महिन्यात मावसभावाला तसाच फोल्डर आला, संस्था वेगळी. मी त्याला म्हटलं, पैशांचं काही बोलू नकोस, फक्त लॅबमध्ये बसून एक लॉगिन करून बघायचंय म्हण, आणि मागच्या बॅचच्या कोणाचंही युनिव्हर्सिटीच्या सहीचं सर्टिफिकेट दाखवा म्हण. तो गेला. लॅबला रंगकाम चालू होतं आणि सर्टिफिकेट मेलवर पाठवतो म्हणाले. अजून आलेलं नाही, पण "शेवटच्या दोन सीट" असा मेसेज त्याला रोज येतोय.