डिकीच्या ऑर्गनायझरपायी २१,३७२ रुपये गेले

गणपतीला चिंचवडहून गुहागरला जायचं होतं. आमची गाडी सीएनजी, डिकीतली निम्मी जागा टाकीचीच. गेल्या वर्षी कुंभार्ली घाटात तेलाचा डबा कलंडला, तो वास दिवाळीपर्यंत गेला नाही. म्हणून यंदा खणांचा, पट्ट्यांनी बांधता येईल असा ऑर्गनायझर घ्यायचाच असं ठरवलं.

मी डोळे मिटून घेतला नाही, हे आधीच सांगतो. टाकीपुढची जागा टेपने मोजली होती, ३४ इंच बाय १३. दुकानात भाव विचारला, २,२०० सांगितले. मग फोनवर जाहिरात दिसली: सीएनजी गाड्यांसाठी खास मापाचा, तळाला कडक पाटी, १,४९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. वस्तू आल्यावर पैसे द्यायचे म्हटल्यावर संशय कशाला येईल? पण पैसे घेतल्याशिवाय डिलिव्हरीवाला खोकं उघडू देत नाही. आत भाजीच्या पिशवीसारखं पातळ कापड. पाटी नाही, पट्टे नाहीत. पाठवणाऱ्याचं नाव भलतंच.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव, पत्ता, तक्रार अधिकारी हे सगळं साइटवर द्यावंच लागतं. तिथे फक्त एक व्हॉट्सॲप नंबर होता. ऑर्डर करण्याआधी एवढं बघा.

त्या नंबरवर फोटो पाठवले. दहा मिनिटांत फोन आला. "दादा, माफ करा, लगेच रिफंड करतो." शुद्ध मराठी, अदबीने. एक यूपीआय आयडी दिला आणि रकमेच्या जागी 'रिफंड कोड' टाकायला सांगितला: १९८७३.

पैसे येताना पिन लागत नाही. हे मला माहीत होतं, आईला मीच शिकवलंय. स्क्रीनवर 'पे' असं स्पष्ट लिहिलं होतं. मी विचारलंसुद्धा! "ते सिस्टिममध्ये तसंच येतं, दादा." ऑफिसच्या जिन्यात उभा होतो, वरून मीटिंगला बोलवत होते. टाकला पिन. १९,८७३ रुपये गेले. तो 'पे' शब्द अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पंचवीस मिनिटांत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तुम्हीही आधी तिथेच फोन करा, बँकेत नंतर जा. बँकेत विचारलं, "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो म्हटल्यावर त्यांच्या लेखी विषय संपला. ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाच्या तरी कागदपत्रांवर कुठल्या तरी बँकेनेच उघडलं ना? त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर सायबरला जा, सायबरला गेलो तर आधी हद्दीतल्या ठाण्याचा अर्ज आणा. चार हेलपाटे, दोन अर्ध्या रजा. एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "शिकलेले दिसता, तरी?" चोराला विचारायचे प्रश्न मलाच विचारत होते.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट ऑर्डर करतानाच काढून ठेवा, माझ्याकडे नव्हता. खोकं उघडताना व्हिडिओ घ्या. वस्तूच्या तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. निळ्या मॅटवरचा तोच फोटो, पानाचं नाव नवीन, किंमत १,२९९.