टीमला जबाबदारी शिकवायला कोणतं पुस्तक? मिलर, विलिंक, कोवी की लेन्सिओनी

आमच्या कारखान्यात एकदा जुन्या रिव्हिजनच्या, म्हणजे बदल होण्याआधीच्या, ड्रॉइंगवर पार्ट निघाले. डिझाइनवाले म्हणाले, 'मेल टाकला होता.' प्रॉडक्शनचं म्हणणं, 'नवी प्रिंट आलीच नाही.' क्वालिटीनं जुन्याच प्रिंटवर तपासून माल पास केलेला. तिघंही खरंच बोलत होते. पुस्तक निवडण्याआधी आपल्याकडची टोलवाटोलवी कुठून सुरू होते, ते असं एका प्रसंगावरून बघा.

जॉन मिलर यांचं 'क्यूबीक्यू' ('क्वेश्चन बिहाइंड द क्वेश्चन', म्हणजे प्रश्नामागचा प्रश्न) सगळ्यांत लहान, एका रविवारी वाचून होतं. प्रश्न 'काय' किंवा 'कसं' असा विचारायचा, त्यात 'मी' हवा आणि पुढे कृती हवी. 'मला कुणी सांगितलं का नाही?' हे सोडून 'मशीन लावण्याआधी मी रिव्हिजन कशी तपासू?' सुरुवातीला मिनियापोलिसच्या एका हॉटेलातली गोष्ट आहे. तिथे डाएट कोक मिळत नसतो, तरी ऐन जेवणाच्या गर्दीत वेटर तो ग्राहकासमोर आणून ठेवतो. सगळे त्या वेटरचं कौतुक करतात. मला मात्र त्याचा मॅनेजर महत्त्वाचा वाटतो, कारण वेटरच्या सांगण्यावरून दुकानात गेला होता तो! तुमच्याकडे साहेब असा जाणार नसेल, तर हे पुस्तक टीमला वाटू नका. तिघांचं काम एकट्यानं ओढणारा माणूस त्यातून 'तक्रार करू नकोस' एवढंच वाचेल, आणि तो त्याच्यावर अन्याय होईल.

अमेरिकी नौदलाच्या 'सील' कमांडो दलातले माजी अधिकारी जॉको विलिंक आणि लीफ बॅबिन यांचं 'एक्स्ट्रीम ओनरशिप' (२०१५) टीम लीडनं एकट्यानं वाचावं. इराकमधल्या रमादीत आपल्याच बाजूच्या लोकांवर गोळीबार होतो, एक इराकी सैनिक मरतो. चौकशीच्या बैठकीत एकेक जण चूक स्वतःवर घेऊ लागतो, तेव्हा त्यांचे कमांडर असलेले विलिंक सांगतात की दोष माझा. युद्धाची भाषा सगळ्यांना रुचणार नाही, पण हा प्रसंग विसरता येत नाही.

स्टीफन कोवी यांचं 'सेव्हन हॅबिट्स' (१९८९) जाडजूड आहे, मराठीतही मिळतं. अख्खं वाचायला लावलं तर निम्मी टीम मध्येच सोडेल. पहिली सवय (परिस्थितीला दोष न देता आपण काय करू शकतो ते बघणं) आणि तिसऱ्या सवयीतलं काम सोपवण्याचं प्रकरण तेवढं घ्या. वडील लहान मुलाला अंगण 'हिरवं आणि स्वच्छ' ठेवायला सांगतात. कसं ठेवायचं ते त्यानं ठरवायचं, मदत लागली तर मागायची, आणि आठवड्यातून दोनदा दोघांनी फिरून बघायचं. नव्या माणसाकडे काम देताना मला याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही.

मीटिंगमध्ये सगळे गप्प बसत असतील तर पॅट्रिक लेन्सिओनी यांचं 'द फाइव्ह डिसफंक्शन्स ऑफ अ टीम' (२००२) आधी घ्या. त्यांच्या पाच दोषांच्या पिरॅमिडमध्ये जबाबदारी टाळणं खालून चौथं आहे. त्याखाली अविश्वास, वादाची भीती आणि मनापासून न दिलेला होकार आहे. गोष्टीच्या रूपात असल्यानं ते भरभर वाचून होतं.

आमच्याकडे मी विलिंकपासून सुरुवात केली. शिफ्टच्या मीटिंगमध्ये सांगितलं, 'ड्रॉइंग बदललं की जुनी प्रिंट परत घ्यायची पद्धत मी लावायला हवी होती, ती लावली नाही.' थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मशीनवरचा ऑपरेटर म्हणाला, 'साहेब, मला ते माप जुनं वाटलं होतं. पण विचारलं नाही.' मिलरचं पुस्तक मी त्यानंतर टेबलावर ठेवलं.