मालक राहतात की भाडेकरू: वार्षिक फॉर्म की कराराची तारीख?

कुठल्या फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहतात आणि कुठे भाडेकरू, ही यादी बडोद्यातल्या सोसायटीला दोन प्रकारे ठेवता येते: वार्षिक सभेआधी घरोघरी फॉर्म वाटून, किंवा प्रत्येक भाडेकराराची तारीख एक्सेलमध्ये नोंदवून.

फॉर्म सोपा. आजी-आजोबाही भरतात, खर्च फक्त झेरॉक्सचा. पण तो सांगतो त्या दिवसापुरतंच. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, म्हणून करार बहुधा ११ महिन्यांचाच होतो. म्हणजे एप्रिलमध्ये लिहिलेला भाडेकरू पुढच्या एप्रिलला तिथे असेलच असं नाही. फतेगंज-निझामपुऱ्यात, जिथे सयाजीराव विद्यापीठाची मुलं खोल्या घेतात, तिथे तर यादी आणखी लवकर शिळी होते.

तारखेच्या पद्धतीत करार संपण्याआधी महिनाभर मालकाला एक फोन जातो: मुदत वाढवताय की घर रिकामं होतंय? नवा भाडेकरू आला, तर पोलिसांकडे नोंद केल्याची पावतीही तेव्हाच मागता येते. मेहनत आहे, आणि सेक्रेटरी बदलला की शीट रीतसर पुढे द्यावी लागते. तरी मी हीच निवडेन.

मात्र रकाने चार हवेत: मालक, भाडेकरू, मालकाचे नातेवाईक, बंद. मुलगा कॅनडात आणि आई-वडील इथे, अशा घराला भाड्याचं समजून जादा आकार लावणं अन्यायाचं आहे. आणि आधारकार्डाची प्रत मागूच नका. नाव, फोन आणि कराराची शेवटची तारीख पुरते.