बदलापूरचा स्वस्त फ्लॅट आणि ‘वॉटरप्रूफ’ फर्निचर

‘किचन ट्रॉली, दोन वॉर्डरोब, लॉफ्ट, एक बेड. वॉटरप्रूफ मरीन प्लाय, ब्रँडेड हार्डवेअर, एसएस ट्रॉली, विथ मटेरियल. एकूण रक्कम इतकी. पन्नास टक्के अॅडव्हान्स.’

बदलापूर, वांगणी, नेरळ, विरार, पालघरकडे घर घेतलेल्यांच्या व्हॉट्सअॅपवर येणारं कोटेशन साधारण एवढंच असतं. यातल्या एकाही शब्दाला मोजमाप नाही. प्लाय कोणत्या ग्रेडचा, किती मिलिमीटरचा, स्टील कोणतं, चौरस फूट कशाचे धरले, काहीच नाही. फसवणूक इथेच पूर्ण होते, सुतार करवत हातात घेतो ते नंतर.

मुंबई परवडत नाही म्हणून लांब गेलेला माणूस ठेकेदाराला दोन कारणांनी सोपा जातो. जुन्या घराचं डिपॉझिट किंवा घरखरेदीत वाचलेले दोन-चार लाख त्याच्या हातात आहेत हे उघड असतं. आणि तो साइटवर नसतो. नोकरी मुंबईत, काम बदलापूरला, भेट रविवारी. सोमवार ते शनिवार चावी ठेकेदाराकडे. सनमायका चढला की आतला प्लाय पुन्हा कुणाला दिसत नाही.

सगळ्यात जास्त पैसा प्लायमध्ये जातो, म्हणून तिथेच थांबून पाहू. बाजारात घरगुती कामाला प्रामुख्याने दोन मानकं लागू होतात. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस 303 हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचं. त्यातला एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेड ओलसर हवा सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. आयएस 710 हे मरीन प्लायचं. त्याचा तुकडा प्रयोगशाळेत 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि थर सुटता कामा नयेत अशी अट आहे. फरक मुख्यतः गोंदाचा. एमआरमध्ये सहसा युरिया फॉर्मल्डिहाइड, मरीनमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड. नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ नावाचा ग्रेड या मानकांत नाही. कोटेशनमध्ये हा शब्द दिसला की तो खोडून ‘आयएस 710, 19 मिमी, आयएसआय चिन्ह व परवाना क्रमांकासह’ असं लिहायला लावा. ठेकेदार कां-कूं करू लागला तर काम सुरू होण्याआधीच बरंच कळलं म्हणायचं. ‘अमुक ब्रँड किंवा समतुल्य’ यातलं ‘किंवा समतुल्य’सुद्धा काढायला लावा. ब्रँडच्या भावात समतुल्य बसवण्याची सगळी परवानगी त्या दोन शब्दांत दिलेली असते.

शीटवरचा शिक्का वाचताना आयएसआय आणि आयएसओ यांत गल्लत करू नका. आयएसआय हे मालाने भारतीय मानक पाळल्याचं चिन्ह. आयएसओ 9001 हे कारखान्याच्या कामकाजपद्धतीचं प्रमाणपत्र आहे, त्या शीटच्या दर्जाचं नाही. हलक्या मालावर ते मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि ‘आयएस 303 एमआर’ कोपऱ्यात बारीक. आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव, मानक आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसतं. गाडीतून माल उतरत असतानाच हे करायचं. वरच्या चार शीट शिक्क्याच्या आणि खालच्या वीस बिनशिक्क्याच्या, ही या धंद्यातली जुनी चाल आहे. म्हणून प्रत्येक शीट उलटून पाहायची, कडेवर खडूने सही करायची आणि फोटो काढायचा. रविवारीच माल उतरवा म्हणून सांगा. ‘रविवारी दुकान बंद असतं’ हे उत्तर आलं तर एक दिवस रजा टाका. या कामातली सगळ्यात कमाईची रजा तीच.

जाडीसाठी व्हर्नियर कॅलिपर लागतो, टेपने मिलिमीटर कळत नाही. 19 मिमीच्या शीटमध्ये मिलिमीटरभर कमी चालून जातं. 16-17 भरली तर शीट दुसरीच आहे. वजनही बोलतं. कठीण लाकडाची 8 बाय 4 ची 19 मिमीची शीट साधारण 35 किलोच्या आसपास भरते, पॉप्लर या हलक्या लाकडाची 25-28. एक माणूस ती डोक्यावर घेऊन सहज जिना चढला तर उतरवून पाहा. लाल रंगावर जाऊ नका. फिनॉलच्या गोंदाच्या रेषा कडेला गडद तपकिरी दिसतात हे खरं, पण पृष्ठभागाला लाल रंग चोपडणं अगदी सोपं आहे. रंग नव्याने कापलेल्या कडेवर, थरांच्या मध्ये पाहायचा, वर नाही.

घरी करण्यासारखी चाचणी म्हणजे दोन इंची चौकोनी तुकडा जुन्या भांड्यात चार-पाच तास उकळणं. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, वास जात नाही. थर सुटले, फुगे आले, कड फुलली तर तो मरीन नाही, वाद संपला. तुकडा टिकला तर मात्र तो 710 आहे असं सिद्ध होत नाही, एवढंच की धडधडीत एमआर नाही. ठेकेदार स्वतः खिशातून काढून दाखवतो त्या तुकड्यावर ही चाचणी करण्यात अर्थ नाही. तुमच्या शीटमधून, तुमच्यासमोर कापलेला तुकडा हवा.

यात पैसे किती जातात ते पाहा. टू बीएचकेच्या किचन, दोन वॉर्डरोब, लॉफ्ट आणि बेडला 19 मिमीच्या 40 शीट लागल्या असं धरू. एक शीट 32 चौरस फुटांची, म्हणजे 1,280 चौरस फूट. दोन ग्रेडमधला फरक फुटामागे 40 रुपये धरला तर 51,200 रुपये, तेही फक्त 19 मिमीच्या शीटवर. वॉर्डरोबच्या पाठीला 6 मिमी ठरवून 4 मिमी लावणं, बेडच्या बॉक्सला आणि सिंकखाली पार्टिकल बोर्ड (गोंदात दाबलेला लाकडाचा चुरा) घालणं हे वेगळं. सिंकखालचा पार्टिकल बोर्ड एका गळक्या पाइपाने फुगतो आणि एकदा फुगला की बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत.

मरीन प्लायचा हट्ट कुठे धरायचा आणि कुठे नाही हेही समजून घ्यावं. हॉलच्या टीव्ही युनिटला तो लागत नाही, चांगला एमआर पुरतो. तिथे मरीन खपवणं हीसुद्धा लूटच. हट्ट धरायचा तो ओट्याखाली, सिंकखाली, बाथरूमच्या सामायिक भिंतीला लागून असलेल्या कपाटाला आणि तळमजल्यावर जमिनीपासून पहिल्या दोन फुटांना. उल्हास नदीचा काठ लक्षात ठेवा. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली होती. त्या पट्ट्यात तळमजला स्वस्त मिळतो त्याला कारण असतं, आणि तिथे प्लायच्या पायांऐवजी पीव्हीसी किंवा स्टीलचे पाय घेणं शहाणपणाचं.

आता ट्रॉलीचं स्टील. 304, 202, 430 हे स्टेनलेस स्टीलचे (एसएस) प्रकार. विक्रेता खिशातून लोहचुंबक काढतो, बास्केटला लावतो, चिकटत नाही, ‘बघा, 304!’ हा हातखंडा प्रयोग आहे आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही. 304 ला चुंबक चिकटत नाही तसा 202 लाही चिकटत नाही. चुंबकाने फार तर 430 सारखं स्टील ओळखू येतं. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, त्यामुळे ते स्वस्त पडतं आणि गंज लवकर धरतं. वसई-विरारच्या खाऱ्या हवेत सिंकजवळच्या बास्केटवर तांबूस ठिपके आधी वेल्डच्या जोडावर येतात. फरक रसायनाच्या थेंबाच्या चाचणीने कळतो. भंगारवाले आणि स्टीलचे व्यापारी ती बाटली बाळगतात. ते जमत नसेल तर बिलावर ‘एसएस 304’ असं लिहून घ्या. लिहायला नकार म्हणजे 202.

बिजागऱ्या आणि चॅनल (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्या) ठेकेदाराकडून न घेता स्वतः आणलेले बरे. नमुन्याला सॉफ्ट क्लोज दाखवून बाकी सगळीकडे साधी लावतात, आणि 20 इंची चॅनलच्या जागी 16 इंची बसवला की ट्रॉली पूर्ण बाहेर येत नाही. हे महिनाभर लक्षातच येत नाही. शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दारांच्या, बाबतीत एकच पाहायचं: बाहेर 1 मिमी सनमायका असेल तर आतून 0.7-0.8 मिमीचा लायनर (पातळ सनमायका) लावलाच पाहिजे. आतून नुसता रंग मारला तर एका पावसाळ्यात सात फुटी दारांना बाक येतो आणि ठेकेदार म्हणतो, ‘हवा ओली आहे हो.’

मोजमापात माणूस सगळ्यात निर्धास्त असतो, आणि चोरी इथे सगळ्यात सभ्यपणे होते. वॉर्डरोबचा दर समोरच्या चौरस फुटाचा, हा सरळ हिशेब. 6 फूट 2 इंच रुंद आणि 7 फूट 1 इंच उंच कपाट 43.7 चौरस फूट भरतं. ठेकेदार दोन्ही बाजू ‘राउंड’ करून साडेसहा बाय साडेसात लिहितो, झाले 48.75. फुटाला 1,400 चा दर असेल तर एका कपाटात सुमारे 7,100 रुपये. इंच दशांशात लिहिण्याचीही खोड असते: 7 फूट 9 इंच म्हणजे 7.75, कागदावर येतं 7.9. त्याहून मोठी गंमत लॉफ्टची. लॉफ्टला पाठ नसते, कप्पे नसतात, बाजू भिंतीच्या असतात, असतात ती फक्त दारं आणि चौकट. तरी कपाटाची उंची 7 वरून साडेनऊ धरून पूर्ण दर लावला जातो. लॉफ्टचा दर वेगळा आणि कमीच हवा. काही ठेकेदार समोरचं माप सांगून अंतिम बिलात कपाटाच्या दोन्ही बाजूही धरतात. म्हणून कोटेशनवर लिहा: ‘फक्त समोरची लांबी गुणिले उंची, इंचापर्यंत प्रत्यक्ष माप, राउंडिंग नाही.’

पैसे देण्याचा क्रम हा तुमच्या हातातला एकमेव लगाम. पन्नास टक्के आधी, चाळीस माल आल्यावर, दहा शेवटी, असं ठरलं की चाळीसनंतर फोन लागेनासा होतो, कारण उरलेल्या दहा टक्क्यांत हँडल, शटरची लेव्हल, कडेच्या पट्ट्या, काच असं किचकट आणि बिनफायद्याचं काम शिल्लक असतं. त्याऐवजी 10 टक्के बुकिंगला, 30 तपासलेला माल घरात उतरल्यावर, बॉक्स (कपाटांचे सांगाडे) उभे राहिल्यावर आणि सनमायका चढण्याआधी 25, शटर लागल्यावर 25, शेवटचे 10 वापर सुरू होऊन महिना झाल्यावर. बॉक्स उभे असतानाचा टप्पा चुकवू नका. आतला प्लाय दिसण्याची ती शेवटची वेळ. सगळे पैसे खात्यावर. ‘बिल नको म्हणाल तर 18 टक्के जीएसटी वाचेल’ यात वाचतो तो ठेकेदार, आणि जातो तो तुमचा पुरावा. सुतार फक्त मजुरीवर ठरवून प्लाय स्वतः आणला तरी दुकानदार सुतारापुरतं कमिशन भावात मिळवतोच. दोन दुकानांचा भाव सुताराला न सांगता काढा आणि उरलेले कटपीस घराबाहेर जाऊ देऊ नका.

बिल्डरचं ‘मॉड्युलर किचन फ्री’ यापेक्षा बरं नसतं. सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग बनवून घेतलेला आखूड असतो, आतल्या खोल्यांना दारं नसतात, जागा मोठी दिसते. टेप घेऊन जा आणि पलंगच मोजा. 6 फूट 3 इंचाची गादी त्यावर मावते का ते पाहा. फ्री फर्निचरची यादी साहित्य आणि ग्रेडसह नोंदणीकृत करारनाम्याला जोडायला लावा, वेगळ्या पत्रावर नको. जाहिरातीचं पानही जपून ठेवा. रेरा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे खोट्या जाहिरातीवर भरपाई मागता येते, आणि कलम 13 प्रमाणे करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. केवळ महारेरा क्रमांक पाहून समाधान मानू नका. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट परवानग्यांवर तो मिळवला होता आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. बांधकाम परवानगीची प्रत पालिकेच्या नगररचना विभागात पडताळून घ्या, त्याआधी भिंतीत एकही खिळा मारू नका. भिंतीला जोडलेलं फर्निचर सोबत नेता येत नाही.

जुनं सामान विकताना ‘मी फौजी आहे, बदली झालीय, क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ असा फोन आला तर ठेवून द्या. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. टाकलाच असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. सामान हलवणाऱ्यांकडून नगांची यादी आणि ठरलेली रक्कम सहीसह घ्या. ट्रक अर्ध्या वाटेत उभा करून जादा पैसे मागितले जातात तेव्हा हाच कागद पोलिसांना दाखवता येतो.

फर्निचरमध्ये फसलंच तर पोलीस बहुधा ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून परत पाठवतात, जरी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीसाठीच असलं तरी. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग ठेकेदाराला लेखी नोटीस आणि जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची, वकील सक्तीचा नाही. आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यामुळे कपाट मोडून टाकण्याआधी, किंवा दुसऱ्या सुताराकडून दुरुस्त करून घेण्याआधी, सिंकखालचा एक फूटभर तुकडा दोन साक्षीदारांसमोर कापून, सही करून, प्लास्टिकमध्ये सील करून ठेवा. सोबत कोटेशन, बँकेची नोंद, खडूच्या सहीचे फोटो आणि ठेकेदाराचे मेसेज, सगळं तारखेनुसार लावलेलं.