डोंग्यावरचा फिश फायंडर : एका पावसाळ्यानंतर

गेल्या दिवाळीत पाच इंची स्क्रीनचा फिश फायंडर घेतला. पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून तळ अन् मासे स्क्रीनवर दाखवणारं हे यंत्र. आमचा डोंगा गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये, पवनीच्या बाजूला चालतो. धरण भरलं तसे वैनगंगेचे जुने डोह, खडक, सगळं खोल गेलं. बाबा काठावरची चिंच अन् देवळाचा कळस एका रेघेत धरून खडकाची जागा सांगतात. मला ते कधी जमलं नाही.

तळाची रेघ वाचायला महिना गेला. गाळावर ती फिकी. खडकावर जाड, अन् खाली तिचीच दुसरी सावली उमटते. तीस फूट पाण्यात यंत्राचा वीस अंशांचा लहरींचा झोत तळावर जेमतेम दहा फूट पाहतो, म्हणून वल्हं हळू मारायचं. स्क्रीनवर मासा कमानीसारखा उमटतो, म्हणून खडकाच्या कडेला कमान दिसली की शिंगाडा मासा असेल असं वाटतं. बुडालेलं झाडही तसंच फसवतं. दोन जाळी फाटली माझी. माशाची चित्रं दाखवणारी सोय तर बंदच करा, ती बुडबुड्यालाही मासा म्हणते.

बाबा एकदा सोबत आले. स्क्रीनकडं पाठ करून म्हणाले, "थांब इथंच." रेघ जाड झालेली!

दुकानदारानं वॉरंटी कार्डावर शिक्का मारला नाही. श्रावणात स्क्रीनमध्ये पाणी शिरलं तर हात वर केले, दुरुस्ती पदरची. उन्हात काही दिसत नाही, डोक्यावरून दुपट्टा घ्यावा लागतो. घ्यायचाच तर जीपीएसवाला घ्या, सापडलेला खडक नोंदवून ठेवता येतो. माझ्यात नाही. मी अजून चिंचच बघतो.