इको निवास संहितेची दोन दिवसांची कार्यशाळा: पहिला दिवस सोन्यासारखा

वास्तुविशारदांसाठीचे बहुतेक 'हरित' वर्ग स्लाइड दाखवण्यातच संपतात. इथे मात्र प्रत्यक्ष गणित करून घेतात. इको निवास संहिता २०१८ (घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्राची संहिता) नुसार छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे त्यातून किती उष्णता आरपार जाते तो आकडा, १.२ च्या आत हवा. १५० मिमीचा उघडा आरसीसी स्लॅब सुमारे ३.३ वर जातो. त्यावर २५ मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक फोमचा थर) टाकला की आकडा १ च्या आसपास येतो. हे स्वतः मांडलं की कायमचं डोक्यात बसतं.

खिडक्यांचा तास सर्वांत उत्तम. मुंबई-कोकणच्या उष्ण-दमट हवामानात उघडणारं क्षेत्र चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के लागतं, म्हणजे ६० चौ.मी.च्या फ्लॅटला १० चौ.मी. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, त्यामुळे २० चौ.मी. खिडक्या लागतात. बिजागरीच्या खिडक्या ९० टक्के धरतात, तिथे सुमारे ११ पुरतात. बिल्डरला पटवायला एवढा हिशेब बास!

भिंतींच्या गणितात एक गफलत राहून गेली आणि ती साधी नाही. आरईटीव्ही (भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा आकडा) १५ च्या आत बसवताना सगळीकडे एएसी ब्लॉकचाच (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट विटेचा) यू-व्हॅल्यू धरला. बाहेरून उघडे राहणारे आरसीसीचे कॉलम-बीम वेगळे मोजायलाच हवेत, नाहीतर कागदावर पास आणि घर तापलेलं.

दुसरा दिवस बांधकामाचा, पण घाईत उरकला. एक्सपीएसखाली वॉटरप्रूफिंग, वर जिओटेक्स्टाइल (संरक्षक कापड), मग उताराचा कोबा हा क्रम फक्त चित्रात दिसला. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यातला गोळा, म्हणजे सांधा गोल करणारा मसाल्याचा भराव, तर राहूनच गेला, आणि गळती तिथूनच सुरू होते.

लॅपटॉप आणि चालू प्रकल्पाचे नकाशे घेऊनच जा.